दुष्काळ, टोळधाड आणि संदेष्टे : निसर्गावरील देवाच्या सत्तेविषयी बायबल काय सांगते

मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच सरत आल्या आणि कपाशीच्या दुबार पेरणीची वेळ आली, की खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : हा पाऊस देवानेच अडवला आहे का? नवापूरकडच्या पाड्यावरील प्रार्थनासभेत तो उघडपणे विचारला जातो, तर धुळे-जळगावच्या मंडळ्यांत उपासना संपल्यावर हळू आवाजात. विचारणाऱ्याचा आधार पक्का असतो, कारण आमोस, योएल, यिर्मया आणि हाग्गय यांच्या ग्रंथांत परमेश्वर पाऊस रोखतो, टोळ धाडतो आणि समुद्राला हुकूम करतो असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे ‘तसे काही नसते’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, आणि ‘होय, तुमच्या पापांमुळेच’ हे उत्तर तर माझ्या मते त्याहून घातक आहे. संदेष्ट्यांनी निसर्गाविषयी जे सांगितले ते कोणाला, कोणत्या जमिनीवर उभे राहून आणि कशासाठी सांगितले, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाला हात घालू नये.

संदेष्टा म्हणजे पुढचे सांगणारा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि त्यावरून पाऊस, पिके व राजकारण यांचे भाकीत सांगतात. त्याची बातमी खानदेशातल्या वर्तमानपत्रांतही येते आणि शेतकरी ती लक्ष देऊन वाचतो. बायबलमधल्या संदेष्ट्याचे काम या जातीचे नव्हते. तो राजाला, पुरोहितांना, व्यापाऱ्यांना आणि सामान्य लोकांना देवाचा निरोप पोहोचवत असे, आणि त्या निरोपात पुढे घडणाऱ्या गोष्टी आल्या तरी त्या बहुधा एका अटीसह येत. यिर्मयाच्या १८व्या अध्यायात ही अट स्पष्ट शब्दांत मांडली आहे : एखाद्या राष्ट्राला मी उपटून टाकीन असे मी म्हटले आणि ते राष्ट्र आपल्या दुष्टाईपासून फिरले, तर मीही योजलेले अरिष्ट आणणार नाही. योनाने निनवे शहरात जाऊन चाळीस दिवसांत शहराचा नाश होईल असे पुकारले, पण शहर वाचले. भाकिताच्या मापाने मोजले तर योना चुकला असे म्हणावे लागेल. संदेशाच्या मापाने मात्र त्याच्याइतके यश फार थोड्या संदेष्ट्यांना मिळाले, कारण लोक खरोखरच फिरले.

आता जमिनीकडे पाहू, कारण तिच्याशिवाय हे ग्रंथ नीट उलगडत नाहीत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या ११व्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो की, तुम्ही जो देश सोडून आलात त्या मिसरात तुम्ही भाजीच्या मळ्याप्रमाणे पायाने पाणी देत होता. पण ज्या देशात तुम्ही जात आहात तो डोंगर-खोऱ्यांचा देश असून आकाशातून पडणारे पाणी पितो. खानदेशी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. मिसर हा नाईल नदीवरचा बागायती देश होता आणि कनान कोरडवाहू होता. पांझरेच्या फडातला शेतकरी बंधाऱ्याच्या पाटावर पाळीने पाणी घेतो, आणि शिंदखेड्याकडचा कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. या दोघांच्या झोपेत जो फरक असतो तोच या उताऱ्यात आहे. कनानात पावसाळा आपल्या उलट, म्हणजे हिवाळ्यात असे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या पहिल्या पावसावर गहू आणि जव यांची पेरणी होई, मार्च-एप्रिलमधल्या शेवटच्या पावसावर दाणा भरे, आणि त्यानंतरचा सगळा उन्हाळा कोरडा जाई. या दोन पावसांपैकी एक जरी चुकला तरी वर्ष हातचे जाई.

अशा देशात देवाने आपल्या लोकांशी करार केला, आणि निसर्गाविषयीची सारी भविष्यवाणी त्या कराराच्या आत बोलते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराशी वर्षाची बोली ठरते, काम आणि मोबदला ठरतो आणि पुढच्या आखाजीला दोघेही मोकळे होतात. तशी ही बोली नव्हती. परमेश्वराने आधी या लोकांना गुलामीतून सोडवले होते आणि मग सांगितले होते की तुम्ही माझे लोक आहात, तेव्हा गरिबाला नाडू नका, खोटी मापे वापरू नका, परक्याला छळू नका आणि इतर दैवतांच्या मागे लागू नका. या नात्यात पाऊस हा आशीर्वाद होता आणि पावसाचे थांबणे हा इशारा. अनुवादाच्या २८व्या अध्यायात तो इशारा अशा शब्दांत येतो की, डोक्यावरचे आकाश पितळेचे होईल आणि पायांखालची जमीन लोखंडाची. मे महिन्यात भुसावळच्या रस्त्यावर दुपारी चाललेल्या माणसाला हे वर्णन अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

एलीया या संदेष्ट्याची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिची धार कळते. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात इस्राएल लोकांच्या उत्तरेच्या राज्यात अहाब राजा होता आणि त्याची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. तिच्या माहेरचा देव बआल याची उपासना आता राजाश्रयाने चालू झाली. हा बआल कोण होता, हे आपल्याला आज बायबलच्या बाहेरूनही कळते. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमराजवळ शेत नांगरताना एका शेतकऱ्याला जुनी कबर लागली, पुढच्या वर्षी तिथे उत्खनन सुरू झाले आणि उगारित नावाचे प्राचीन नगर हाती आले. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआलाला मेघांवर आरूढ होणारा म्हटले आहे. तो वादळाचा, गडगडाटाचा आणि पावसाचा देव मानला जाई. म्हणजे इस्राएलातला शेतकरी बआलाकडे वळत होता तो पावसासाठी, पोटासाठी.

एलीया अहाबापुढे उभा राहून सांगतो की, माझ्या शब्दाशिवाय या वर्षांत दहिवर पडणार नाही आणि पाऊसही पडणार नाही. बआलाच्या हाती जे खाते आहे असे लोक समजत होते, नेमके तेच बंद झाले. दुष्काळ इतका वाढला की राजा स्वतः आपल्या कारभाऱ्याला बरोबर घेऊन घोडे आणि खेचरे जगवण्यासाठी झऱ्याकाठचे गवत शोधत हिंडू लागला; माणसांसाठी त्याने काय शोधले याचा उल्लेख ग्रंथात नाही, ही बारीक नोंद मला फार बोलकी वाटते. त्याच काळात एलीयाचे पोट भरले ते सीदोनच्या हद्दीतल्या सारफथ गावी, म्हणजे बआलाच्या अंगणात, एका विधवेच्या घरी. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले होते, आणि ते संपले नाही. ज्या देवाने इस्राएलचा पाऊस थांबवला त्यानेच परदेशी बाईचे मडके रिते होऊ दिले नाही, ही गोष्ट दुष्काळाला केवळ शिक्षा म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी.

शेवटी कर्मेल डोंगरावर बआलाचे ४५० संदेष्टे एका बाजूला आणि एलीया एकटा दुसऱ्या बाजूला, असा सामना झाला. आपल्या वेदीवर एलीयाने पाण्याच्या चार घागरी तीनदा ओतायला लावल्या. दुष्काळात पाण्याच्या बारा घागरी म्हणजे काय, हे टँकरची वाट पाहिलेल्या माणसालाच उमगेल. अग्नी पडला, लोकांनी परमेश्वराला देव म्हणून कबूल केले, पण पाऊस अजून आलेला नव्हता. त्यासाठी एलीया डोंगरमाथ्यावर गुडघ्यांत डोके घालून बसला आणि सातव्या खेपेला त्याच्या चाकराला समुद्रावर माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसला. पाऊस थांबवण्याचा शब्द त्याने उभे राहून सांगितला होता. पाऊस यावा म्हणून तो जमिनीवर वाकला. आणि लगेच पुढच्या अध्यायात, होरेब डोंगरावर, पर्वत फोडणारा वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि प्रत्येक वेळी ग्रंथ सांगतो की परमेश्वर त्यात नव्हता. त्यानंतर शांत, मंद वाणी ऐकू येते. निसर्ग देवाच्या सत्तेखाली आहे आणि तरीही निसर्ग म्हणजे देव नाही, हे दोन्ही एकाच माणसाच्या चरित्रात लागोपाठ ठेवलेले आहे.

आमोस हा संदेष्टा एलीयानंतर शंभरेक वर्षांनी, इसवी सनापूर्वी ७६०च्या सुमारास बोलला. तो तकोवा गावचा मेंढपाळ होता, उंबराच्या झाडांची निगा राखणारा होता; संदेष्ट्यांच्या घराण्यातला नव्हता, असे तो स्वतःच सांगतो. त्याच्या चौथ्या अध्यायात दुष्काळाचे जे वर्णन आहे ते ऐकीव वाटत नाही : कापणीला तीन महिने असताना पाऊस थांबला, एका नगरावर पडला आणि दुसऱ्यावर पडला नाही, एका शेताला भिजवून गेला आणि शेजारचे शेत वाळले, दोन-तीन नगरांतले लोक पाण्यासाठी एका नगराकडे लडखडत गेले आणि तिथेही त्यांची तहान भागली नाही. रस्त्याच्या अलीकडच्या शिवारात पाऊस पडावा आणि पलीकडे धूळ उडावी, हे आपल्याकडे दर वर्षी कुठे ना कुठे घडते. पुढे तांबेरा आणि टोळ येतात, मग रोगराई आणि लढाई येते, आणि या प्रत्येक टप्प्यानंतर एकच वाक्य पाच वेळा येते : तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाही. या वाक्यातला स्वर नीट ऐकला तर तो फर्मान सोडणाऱ्याचा नाही. माणसे परत यावीत म्हणून सारे मार्ग चाचपून पाहिलेल्याचे दुःख त्यात आहे.

हे दुःख कोणामुळे होते, हेही आमोस लपवत नाही. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला गरिबांना चिरडून चैन करणाऱ्या, उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन इथल्या श्रीमंत बायका आहेत, आणि आठव्या अध्यायात माप लहान, वजन मोठे करून गव्हाचा गाळसुद्धा विकणारे व्यापारी आहेत. म्हणजे पाऊस थांबल्याचा संदेश आमोसाने सांगितला तो कोठारे भरलेल्यांना उद्देशून. आज एखादा उपदेशक हाच उतारा उघडून दोन एकरांच्या कर्जबाजारी शेतकऱ्याला पापाचा हिशेब विचारतो, तेव्हा तो आमोसाचे शब्द आमोसाच्या विरुद्ध वापरत असतो. मी असे उपदेश ऐकले आहेत, आणि ते ऐकताना समोरच्या बाकावर मान खाली घालून बसलेली माणसेही पाहिली आहेत.

आमोसाच्या पाचव्या अध्यायात एक ओळ आहे, जिच्यात परमेश्वराला कृत्तिका आणि मृग यांचा निर्माता म्हटले आहे. ज्या मृगावर आपला शेतकरी पेरणीचा अंदाज बांधतो तो नक्षत्रपुंज त्या मेंढपाळानेही रात्री रानात पाहिला होता. त्या काळी शेजारची राष्ट्रे नक्षत्रांनाच दैवते मानत, आणि आमोस म्हणतो की ती कोणाची तरी कृती आहेत. त्याच्या लगेच आधीच्या वचनात तो न्यायाला कडू करणाऱ्यांवर तुटून पडलेला आहे. त्याच्या ग्रंथाचे पहिलेच वचन सांगते की त्याने हे ‘भूकंपाच्या दोन वर्षे आधी’ सांगितले. तो भूकंप इतका मोठा होता की जखऱ्याच्या ग्रंथातही त्याची आठवण निघते, आणि उत्तर इस्राएलातल्या हासोर इथे १९५०च्या दशकात झालेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या कलंडलेल्या भिंती सापडल्या, ज्यांचा संबंध अभ्यासक त्या भूकंपाशी लावतात.

योएलाचा ग्रंथ लहान आहे, तीन अध्यायांचा, आणि तो टोळधाडीने सुरू होतो. कुरतडणाऱ्यांनी ठेवले ते झुंडीने येणाऱ्यांनी खाल्ले, त्यांनी ठेवले ते चाटून खाणाऱ्यांनी, आणि उरलेले अधाशी टोळांनी. १९१५ साली पॅलेस्टाइनवर अशीच टोळधाड आली होती आणि झाडांच्या सालीसुद्धा उरल्या नव्हत्या. योएल त्या उजाड शिवारातून सावकाश फिरतो : ढेकळांखाली बियाणे कुजले आहे, कोठारे ओस पडली आहेत, डाळिंब आणि खजूर वाळले आहेत, गुरे हंबरत आहेत कारण त्यांना चारा नाही, आणि रानातली जनावरेदेखील परमेश्वराकडे तोंड करून ओरडत आहेत. गुलाबी बोंडअळीने पोखरलेले बोंड उघडून ज्याने आतली काळवंडलेली सरकी पाहिली आहे, त्याला हे वाचताना योएल परका वाटत नाही. नवल असे की, या ग्रंथात इस्राएलाच्या एकाही ठरावीक पापाचे नाव घेतलेले नाही. मनापासून वळा, वस्त्रे नव्हे तर हृदये फाडा, असे योएल सांगतो. पण टोळ अमुक गुन्ह्यामुळे आले असे तो म्हणत नाही. आणि दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो की, टोळांनी खाल्लेल्या वर्षांची मी तुम्हाला भरपाई करून देईन. पिकाची नव्हे, वर्षांची. त्यानंतर दोन्ही पाऊस येतात, खळी गव्हाने भरतात, आणि मग पावसाचेच रूप घेऊन ती प्रसिद्ध प्रतिज्ञा येते की, मी सर्व मनुष्यांवर आपला आत्मा ओतीन.

इथे एक शंका शिकलेल्या तरुणांकडून नेहमी येते. पाऊस कमी का पडला ते हवामान खाते सांगते, प्रशांत महासागरातल्या एल निनोचा त्याच्याशी संबंध असू शकतो, टोळांची पैदास कशी होते तेही माहीत आहे. मग देवाची सत्ता राहिली कुठे? संदेष्ट्यांना हा पेच पडला नसता, कारण कारण सापडले की देव बाजूला होतो असे त्यांनी कधी मानलेच नाही. निर्गमाच्या १०व्या अध्यायात टोळ येतात ते रात्रभर वाहिलेल्या पूर्वेच्या वाऱ्याबरोबर, आणि जातात ते पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर. लेखक वारा सांगतो आणि देवही सांगतो. यिर्मया तर ३३व्या अध्यायात दिवस आणि रात्र यांच्याशी देवाने करार केला असल्याचे म्हणतो. निसर्ग नियमाने चालतो ही गोष्टच त्याला देवाच्या विश्वासूपणाचा पुरावा वाटते. चमत्कार हा त्या सत्तेचा अपवादात्मक भाग झाला, रोजचा सूर्योदय हा तिचा नेहमीचा भाग.

आता मूळ प्रश्न. संदेष्टे म्हणतात की अमक्या वेळी देवाने पाऊस रोखला. त्यावरून, जिथे जिथे पाऊस थांबतो तिथे तिथे देव कोणाला तरी शिक्षा करतो आहे, असा उलटा निष्कर्ष काढता येतो का? बायबल स्वतःच याला अडवते. ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी नेमका हाच हिशेब मांडला होता आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला. त्याच ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात देव विचारतो की, जिथे माणूसच राहत नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? म्हणजे प्रत्येक सर माणसाच्या वागणुकीला दिलेले उत्तर नसते. येशूने म्हटले की देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. आणि शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा, ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती असे समजता काय, असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ म्हणून उत्तर दिले, आणि प्रत्येकाने आपापल्या पश्चात्तापाकडे पाहावे असे सांगितले. आमोसाला देवाचा निरोप मिळाला होता म्हणून तो बोलला. ज्याला तसा निरोप मिळालेला नाही, त्याने मार्चमधल्या गारपिटीत आडव्या झालेल्या रावेरच्या केळीबागेकडे बोट दाखवून मालकाचा न्याय करू नये.

नव्या करारात ही सत्ता एका होडीत दिसते. गालील सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली, डोंगरांच्या कुशीत आहे आणि तिथे वारा अचानक उतरतो. मार्काच्या चौथ्या अध्यायात होडी पाण्याने भरू लागते, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असतो, शिष्य त्याला उठवतात आणि तो वाऱ्याला धमकावून समुद्राला गप्प करतो. १०७व्या स्तोत्रात वादळ शांत करणारा परमेश्वरच आहे, हे शिष्यांना लहानपणापासून पाठ होते; म्हणूनच वादळ थांबल्यावर त्यांची भीती वाढली आणि ‘हा आहे तरी कोण?’ असे ते एकमेकांना विचारू लागले.

शेवटच्या काळाविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्या विषयावर गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. मत्तयाच्या २४व्या अध्यायात येशू दुष्काळ आणि भूकंप यांना वेदनांचा प्रारंभ म्हणतो, घाबरू नका असेही म्हणतो, आणि तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाच माहीत नाही असेही सांगतो. प्रत्येक भूकंपानंतर तारखा काढत बसणाऱ्यांनी हे तिसरे वाक्य वाचलेले नसते. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण नावाच्या ग्रंथात समुद्र, नद्या आणि सूर्य यांच्यावर संकटे येतात. पण ११व्या अध्यायात पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचाही न्याय होईल असे लिहिले आहे, आणि गिरणेच्या पात्रातून रात्री वाळू उपसणारे ट्रॅक्टर पाहिले की ते वचन मला आठवते.

मग पाऊस लांबल्यावर मंडळीने करायचे काय? संदेष्टे काय करत, तेच. आमोसाच्या सातव्या अध्यायात देव त्याला टोळधाडीचा दृष्टांत दाखवतो, आणि आमोस ती पुकारत सुटत नाही. तो विनवणी करतो की, प्रभू, क्षमा कर, याकोब (म्हणजे इस्राएल) फार लहान आहे, तो कसा टिकेल? आणि परमेश्वराला कळवळा येतो आणि ते टळते. योएल म्हाताऱ्यांना, अंगावर पिणाऱ्या बाळांना, नवरा-नवरीलाही एकत्र बोलावतो आणि प्रार्थनेनंतर पाऊस येईलच अशी हमी देत नाही. ‘कोण जाणे, तो वळेल’, इतकेच तो म्हणतो. जवळजवळ हेच शब्द योनाच्या तिसऱ्या अध्यायात निनवेच्या राजाच्या तोंडी आहेत. तो इस्राएली नव्हता आणि त्याच्याशी देवाचा कोणताही करार नव्हता. त्याने माणसांबरोबर गुरांनाही गोणपाट नेसवायला लावले, प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा असा हुकूम काढला, आणि त्या लोकांची कृती पाहून देवाने ते अरिष्ट आणले नाही.